दाब पाहा, मग गळती शोधा

पाण्याच्या टँकरखालची जमीन कायम ओली असते. वरच्या झाकणातून हिंदकळलेले पाणी, मागच्या व्हॉल्व्हमधून झिरपणारे पाणी, चासीवरून ओघळत इंजिनापर्यंत आलेले पाणी. त्यात डिझेलचे चार थेंब मिसळले तर ते लवकर लक्षात येत नाहीत. विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाच्या अंगाला वसलेल्या फुलपाड्यात आणि आसपासच्या वस्त्यांत उन्हाळा तापला की टँकरच्या फेऱ्या वाढतात. त्यांत बरीच वर्षे माल वाहिलेल्या आणि नंतर पाठीवर टाकी चढवलेल्या जुन्या गाड्याही असतात. अशा गाडीबद्दल मालकाच्या तक्रारी ठरलेल्या: डिझेल जास्त खाते, सकाळी सेल्फ फार मारावा लागतो, खाली वास येतो. गॅरेजात या तिन्हींवर एकच उपाय सुरू होतो, दिसेल तो नट आवळण्याचा. तिन्ही तक्रारी एकाच दोषाच्या असतीलच असे नाही आणि आवळण्याने त्यांतली एखादी वाढूही शकते.

या लेखाचे म्हणणे एवढेच की डिझेलची गळती ओल पाहून शोधू नये, दाब पाहून शोधावी. टाकीतून निघालेले डिझेल नोझलपर्यंत जाऊन उरलेले परत येते, तोवर त्याचा दाब चार वेळा बदलतो. दाब बदलला की गळतीचे लक्षण बदलते, धोका बदलतो आणि दुरुस्तीही बदलते.

जुना ट्रक म्हणजे कोणता, ते आधी ठरवू. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ मध्ये संपला, तरी त्या घराण्यातली १२१० ही गाडी पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर राहिली. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली. या पिढीच्या गाड्यांवर बहुधा इनलाइन पंप असतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि सगळे एका रांगेत. बॉशने असे पंप १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे ते पोचले बंगळूरच्या मायकोमुळे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले, पण गॅरेजात आजही लोक ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात. या यंत्रणेत संगणक नाही आणि सेन्सरही नाही. स्कॅनर लावून दोष वाचता येत नाही, तो तर्काने काढावा लागतो.

शोषणाचा टप्पा

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढले जाते. इथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे या भागात छिद्र पडले तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सगळ्यात जास्त चुकीचे निदान इथेच होते, कारण पाहणारा ओल शोधत असतो आणि ओल नसतेच.

लक्षणे मात्र स्पष्ट असतात. गाडी रात्रभर उभी राहिली की पाइपातले डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी सेल्फ मारला की पंपाच्या प्लंजरखाली डिझेलऐवजी हवा सापडते. नोझल उघडायला सुमारे २०० बार दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही म्हणून प्लंजरच्या एका उचलीत तेवढा दाब तयार होतो. हवा दबते, सगळी उचल तिला दाबण्यातच संपते आणि नोझल बंदच राहते. चालक म्हणतो, ‘गाडीने एअर घेतली.’ मग हँड प्रायमर मारून एअर काढली जाते, गाडी सुरू होते, दिवसभर चालते आणि दुसऱ्या सकाळी तीच कथा. रोज एअर काढावी लागणे हे गळतीचे लक्षण आहे. एअर काढणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

याच छिद्रातून कधी कधी डिझेल बाहेरही येते, पण गाडी बंद असताना. ट्रक उतारावर तोंड करून उभा केला आणि टाकीतली पातळी त्या जोडापेक्षा वर गेली, तर तिथे टिपका सुरू होतो. गाडी सपाटीवर आणली की थांबतो. ‘उभी असताना गळते, चालताना गळत नाही’ असे चालक सांगतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवावा, तो नेमकी हीच खूण सांगत असतो.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. स्वच्छ डब्यात पाच लिटर डिझेल घ्यावे, डबा फीड पंपापेक्षा वर सुरक्षित बांधावा आणि त्यातून नवा पाइप थेट फीड पंपाला जोडावा. गाडी सुरळीत सुरू झाली आणि तासभर उभी ठेवूनही परत झटक्यात सुरू झाली, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्येच आहे. फरक पडला नाही तर पुढे सरकावे. डब्याऐवजी फीड पंपाच्या आधी डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक पाइपाचा तुकडा जोडून बुडबुडे पाहता येतात. तो तुकडा तपासणीपुरताच ठेवावा. नळाला लावतात तो पारदर्शक पाइप कायमचा बसवला तर डिझेलने आणि उष्णतेने काही महिन्यांत कडक होतो, क्लिपखाली चिरतो आणि नवी गळती सुरू करतो.

या टप्प्यात संशयित मोजके आहेत: टाकीतली शोषनळी आणि तिचा वरचा जोड, चासीवर घासलेला पाइप, रबरी तुकड्यांच्या क्लिपा, फीड पंपाखालच्या वाटीचे गॅस्केट आणि हँड प्रायमरची मूठ. वापरल्यावर ही मूठ पूर्ण फिरवून बसवली नाही तर तिथूनच हवा जाते. टाकीच्या झाकणाचा श्वास बंद झाला तरी लक्षणे अशीच दिसतात, फक्त इथे गाडी चालून चालून दमते. झाकण उघडताच ‘स्स्स’ आवाज आला तर पाइपांना हात लावायची गरज नाही.

मंद दाबाचा टप्पा

फीड पंपाच्या पुढे फिल्टर आणि तिथून मुख्य पंपाची गॅलरी. इथे साधारण एक ते दोन बार दाब असतो. लोक ज्याला गळती म्हणून ओळखतात ती बहुतेक इथली: टिपका. बँजो बोल्ट आणि त्यांचे तांब्याचे वायसर, फिल्टरच्या भांड्याचे गॅस्केट, एअर काढायचा स्क्रू ही तिची घरे.

टिपक्याचा हिशोब एकदा मांडून पाहावा. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. डिझेलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे त्याचा थेंब लहान पडतो, तेव्हा एका मिलिलिटरचे ४० थेंब धरू. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला ३६०० थेंब, म्हणजे ९० मिलिलिटर. दिवसाचे दहा तास इंजिन चालले तर ९०० मिलिलिटर. लिटरला ९० रुपये धरले तर रोजचे ८० रुपये रस्त्यावर गेले. तांब्याच्या वायसरची किंमत त्यापुढे काहीच नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी. कोणी म्हणाले की गाडी रोज पाच लिटर जास्त खाते आणि टिपका मात्र तुरळक आहे, तर ते पाच लिटर टिपक्यातून गेलेले नाहीत. त्याचे कारण नोझल, टायमिंग, टायरची हवा किंवा टाकीतून होणारी चोरी यांत शोधावे.

पैशांपेक्षा मोठे नुकसान रस्त्याचे होते. डिझेल डांबर विरघळवते. पहिल्या पावसात पाण्यावर त्याचा पातळ थर तरंगतो आणि मागून येणाऱ्या दुचाकीचे चाक सरकते. शिरसाड, विरार फाट्याहून आत येणाऱ्या रस्त्यांवर जूनच्या पहिल्या सरींत दुचाकी जपून चालवतात, त्याचे एक कारण हेही आहे.

बँजो बोल्ट गळला की तो आवळण्याचा मोह होतो. दोष आट्यांत नसतो. सील करतात ते वायसरचे दोन सपाट चेहरे. तांबे एकदा दाबले गेले की कडक होते, दुसऱ्यांदा बसवले तर समोरच्या पृष्ठभागाशी जुळवून घेत नाही. जोर लावून आवळले तर पोकळ बँजो बोल्ट पिळवटतो, कधी तुटतो आणि तुकडा पंपाच्या अंगात अडकतो. नवे वायसर हाच सरळ उपाय आहे. ते हाताशी नसतील तर जुने वायसर लालबुंद तापवून पाण्यात टाकावेत. तांबे तापवल्याने नरम होते. पाण्याने वरची काळी खपली सुटते, इतकाच त्याचा उपयोग. मग बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू सपाट घासून बसवावेत.

टेफ्लॉन टेपबद्दल मी आग्रहाने सांगतो: डिझेलच्या मार्गात ती कुठेही गुंडाळू नये. बँजो आणि कोनाच्या जोडात आटे सील करत नाहीत, म्हणजे टेपचा उपयोग शून्य. उलट तिचा फाटलेला धागा आत गेला की पुढे पंपाचे प्लंजर आहेत, ज्यांची फट जेमतेम दोन ते चार मायक्रॉनची असते. डोक्याचा केस त्याच्या वीस-तीस पट जाड असतो. दहा रुपयांची टेप पंप टेबलावर चढवायची वेळ आणते.

तीव्र दाबाचा टप्पा

मुख्य पंपापासून नोझलपर्यंतच्या पोलादी नळ्यांत दाब शेकडो बारचा असतो. ४०७ सारख्या गाडीत पूर्ण भारावर एका फवाऱ्यात साधारण ४०-५० घनमिलिमीटर डिझेल जाते, म्हणजे वरच्याच हिशोबाने जेमतेम दोन थेंब. म्हणून इथे एक थेंब गळणे म्हणजे त्या सिलिंडरचा अर्धा घास जाणे. इंजिन एका सिलिंडरवर अडखळते, आवाज बदलतो, धूर येतो. गळती टिपक्याच्या नव्हे, धुक्याच्या रूपात दिसते. बोनेट उघडले की नळीभोवती पांढुरकी वाफ दिसते आणि आसपासची धूळ ओली होऊन काळी होते. अशा वेळी नट सैल करून कोणता सिलिंडर पडला ते पाहण्याची गॅरेजातली जुनी रीत चांगली आहे. इंजिन आयडलवर असावे, नटावर जाड कापड धरावे, चेहरा दूर ठेवावा.

इथे बोट लावून पाहू नये. हाताने चाचपणे ही सवय कितीही जुनी असली तरी सोडावी. केसाएवढ्या चिरेतून येणारी धार कातडी भेदून आत शिरते. सुरुवातीला टाचणी टोचल्याइतकेच जाणवते, रक्तही येत नाही. काही तासांत बोट सुजते आणि आतले मांस मरू लागते. वेळ गेला तर बोट काढावे लागते. अशी धार लागली तर मलम लावून घरी जाऊ नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जावे आणि ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चीर शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. तो नळीपासून थोडा दूर धरून सरकवावा, ओली रेघ उमटेल तिथे चीर. याच धुक्यामुळे आगही लागू शकते. सांडलेले डिझेल सहज पेट घेत नाही. त्याची वाफ तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गेली की घेऊ शकते.

नळी का चिरते, हे समजून घेतले तर दुरुस्ती टिकते. इंजिन २००० फेऱ्यांवर असताना प्रत्येक नळीला मिनिटाला १००० दाबाचे धक्के बसतात. म्हणून कंपनी नळ्यांना क्लिपांनी एकमेकींशी बांधून देते. एखाद्या कामात क्लिप काढली जाते, ‘नंतर बसवू’ म्हणून राहते, नळी थरथरत राहते आणि नटाजवळ थकून चिरते. नळी नवी टाकली आणि क्लिप टाकली नाही तर तीही चिरणार. ब्रेझिंग करून चीर बुजवू नये. आतले भोक बारीक होते आणि पोलादही तिथेच कमजोर पडते. नळ्या एकाच लांबीच्या, एकाच भोकाच्या असतात, कारण सगळ्या सिलिंडरना सारख्याच वेळी डिझेल पोचायला हवे. लांबी कमी म्हणून एखादी ‘सरळ करून’ बसवणे चूक. टोकाच्या कोनावर जास्त आवळून आवळून तोंड आत दबले असेल तर तीही बदलावी.

पंपाच्या माथ्यावर, डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या होल्डरांमध्ये डिझेलचे तळे साचते तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की वरची नळी गळते. बहुधा होल्डरखालचा ओ-रिंग गेलेला असतो. तो बदलायचे काम पंपवाल्याचे आहे. होल्डर ठरलेल्या ताकदीनेच आवळावा लागतो, अंदाजाने आवळला तर आतल्या प्लंजरचे दुखणे सुरू होते.

परतीचा मार्ग आणि आतली गळती

नोझलमधून आणि पंपातून उरलेले डिझेल परतीच्या पाइपाने टाकीकडे जाते. इथला दाब नावालाच असतो, म्हणून टिपका मंद पण चिवट. नोझलांच्या डोक्यावरचे लहान बँजो आणि रबरी टोप्या पाहाव्यात. प्रत्येक नोझलचे परतीचे डिझेल वेगळ्या बाटलीत घेतले तर झिजलेले नोझल लगेच कळते, त्याची बाटली आधी भरते.

यापेक्षा गंभीर गळती ती, जी कुठेच दिसत नाही. फीड पंपाच्या दांड्याचे सील गेले किंवा मुख्य पंपाचे प्लंजर झिजले की डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी कमी व्हायला हवी, ती वाढते. डिपस्टिकला वास येतो, ऑइल पातळ होते. मालक खूश असतो की गाडी ऑइल खात नाही. बेअरिंगांना मात्र वंगणाऐवजी डिझेल मिळत असते. अशी गाडी त्याच दिवशी उभी करावी.

ओलीपासून उगमाकडे

आता फुलपाड्याचा आपला टँकर घेऊ. पाण्याची टाकी आधी रिकामी करून गाडी कोरड्या, सपाट जागी उभी करावी. इंजिन आणि चासीचा तो भाग साबणाच्या पाण्याने धुवावा, हवा मारून पूर्ण सुकवावा. मग पंप, फिल्टर आणि जोडांवर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरावी. इंजिन सुरू करून पाहत राहावे. भुकटीवर उमटणारी पहिली काळी रेघ महत्त्वाची. दहा मिनिटांनंतर सगळेच ओले दिसते. शोध वरून खाली आणि पुढून मागे करावा, कारण पंख्याचा वारा थेंब मागे उडवतो आणि डिझेल वायरीच्या अंगाने हातभर दूर जाऊन टपकते. थंड इंजिनावर एकदा आणि गरम झाल्यावर पुन्हा पाहावे. काही ओ-रिंग गरम झाल्यावर फुगून गळती झाकतात.

टाकीचा दोष ठरवण्याआधी भरण्याची वेळ विचारावी. डिझेल दर अंशाला सुमारे ०.०८ टक्के फुगते. १०० लिटरची टाकी सकाळी काठोकाठ भरली आणि मेच्या उन्हात डिझेल २० अंशांनी तापले, तर दीड लिटरहून जास्त डिझेल झाकणातून बाहेर पडते. ती गळती नव्हे. खरी गळती पट्ट्याखाली असते. टाकी बांधणाऱ्या पट्ट्याखालच्या रबरात पाणी आणि वसईच्या खाऱ्या हवेतले मीठ साचते आणि पत्रा नजरेआड सडतो. पट्टे सोडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

बारीक छिद्रावर अंगाचा साबण दाबून भरतात. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून हा तोडगा घरी पोचेपर्यंत खरेच चालतो. पाइपावर सायकलची ट्यूब गुंडाळण्याचा तोडगा मात्र वाईट: नैसर्गिक रबर डिझेलमध्ये फुगून गिळगिळीत होते. डिझेलला लागते नायट्राइल रबर. टाकीला वेल्डिंग करायचेच असेल तर ती गाडीवरून काढून, पूर्ण धुऊन, वाफ घालवून, हे काम नेहमी करणाऱ्याकडेच द्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

एक कारण गाडीच्या बाहेरचे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळते, त्यात गंधक दशलक्ष भागांत १० पेक्षा जास्त नसते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनातली सुगंधी संयुगेही कमी होतात. जुने नायट्राइल सील या संयुगांनी फुगूनच घट्ट बसलेले असतात. ती कमी झाली की ते आकसतात. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांतून अशाच गळत्या सुरू झाल्या होत्या. त्यावरून नवे डिझेल खराब आहे असा अर्थ कोणी काढू नये. वीस-तीस वर्षांच्या सीलांची मुदत संपली आहे, इतकाच अर्थ आहे. नवे सील या डिझेलमध्ये नीट टिकतात.

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावे लागते. वसई-विरारच्या, म्हणजे एमएच ४८ क्रमांकाच्या गाड्यांच्या मालकांना माझी विनंती आहे की त्या तयारीबरोबर, आणि शक्यतो मे संपायच्या आत, इंधनमार्गातले सगळे रबरी पाइप, तांब्याचे वायसर, फिल्टरची गॅस्केटे आणि नळ्यांच्या सुटलेल्या क्लिपा एकदमच बदलून घ्या. आणि गॅरेजात काम करणाऱ्या पोरांच्या हाती पाना देण्याआधी पुठ्ठ्याचा तुकडा द्या.